येतो, बाय

पेडणेकरांनी मला फसवलं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कॅरिबियन समुद्रातल्या एका ज्वालामुखीच्या बेटाजवळ, पाण्याखाली अठरा मीटरवर, आठ गिऱ्हाइकं मागे घेऊन तरंगत होते. तोंडात हवेच्या नळीचं रबर होतं, म्हणून ओरडता आलं नाही. बेटाचं नाव इथे लिहिणार नाही. सिंगापुरातले दोन टूरवाले दिवाळी अंक वाचतात आणि माझ्या सहली जशाच्या तशा उचलतात.

मी मूळची सोलापूरची. चादरींच्या दुकानात लहानाची मोठी झाले. गिऱ्हाईक तोंडाने एका चादरीचा भाव विचारतं आणि त्याचा हात दुसरीवरून निघत नाही. हात बघायचा, तोंड नाही, हे वडिलांनी शिकवलं. त्या शिकवणीवर मी पुढे नाववाल्यांशी, विमान कंपन्यांशी आणि हॉटेलवाल्यांशी भांडले. पोहणं मात्र आमच्या सात पिढ्यांत कोणाला येत नव्हतं. नळाला पाणी आलं की धावायचं, एवढाच पाण्याशी संबंध.

लग्नानंतर मकरंदच्या नोकरीमागे सिंगापूरला आले. तो सॉफ्टवेअरमधला. सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायचा, संध्याकाळी उतरायचा. मी पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये इराला, म्हणजे आमच्या मुलीला, सांभाळत भिंती बघायची. चौतिसाव्या वर्षी चिडून पोहायला शिकले. चिडण्याचं कारण असं की तलावावरचा शिक्षक म्हणाला, या वयात साडीतल्या बायकांना जमत नाही. मी साडी नेसतच नव्हते. त्याच्याकडून दोन तास जास्तीचे वसूल केले आणि वर्षभराने डायव्हिंग शिकले.

पहिल्यांदा खाली गेले ते इथल्याच हंटू बेटाजवळ. सिंगापूरचं पाणी म्हणजे जुना ग्रीन टी. हात लांब केला की बोटं अंधुक होतात. माझ्या पुढ्यात अंगठ्याएवढा एक जीव शिंपल्यावर बसला होता, निळा, कडेला नारिंगी झालर. तो कुठेही चालला नव्हता. मीही नाही. डोक्यात सतत चालू असलेली भांडणं, याला काय बोलायचं होतं, त्याला काय ऐकवायचं राहिलं, ती एकेक करून बंद झाली. फक्त श्वास ऐकू येत होता. आत घेताना बारीक सूं, सोडताना बुडबुड्यांचा गडगडाट. मला वाटलं, मी कोणाच्या तरी झोपेत शिरले आहे आणि हळू बोललं पाहिजे. पाण्याखाली घासाघीस करता येत नाही. माझ्यासारख्या बाईला तेवढी एकच जागा परवडते.

पुढे मी डायव्हिंगची शिक्षिका झाले आणि यिशुनला एका औद्योगिक इमारतीत चौथ्या मजल्यावर शिकवण्यांचं आणि सहलींचं दुकान काढलं. पुण्या-मुंबईचे आयटीवाले माझी पहिली गिऱ्हाइकं. त्यांच्या तऱ्हा काय सांगाव्यात. एका जोशींनी कासव दिसेल अशी लेखी हमी मागितली होती. मी दिली, पण खाली लिहिलं की कासवाला जोशी दिसतील याची हमी नाही. कासव दिसलं. जोशी त्या वेळी चष्म्यात शिरलेलं पाणी काढत होते. वर आल्यावर म्हणाले, "तुम्ही मला हाक का नाही मारली?" माणूस आयटीत मोठ्या हुद्द्यावर होता.

या धंद्याचा जीव सिलिंडरमध्ये असतो. लोक त्याला ऑक्सिजन म्हणतात. आत साधी हवा असते, तुमच्या खोलीतली, दाबून भरलेली. भरायला कंप्रेसर लागतो आणि कंप्रेसरला माणूस. इथे पेडणेकर आले.

वेंगुर्ल्याचे. तरुणपणी मालवाहू जहाजावर, नंतर इथल्या शिपयार्डमध्ये, मग निवृत्त. बायको गेलेली, मूल नाही. पासिर रिसला एका चिनी आजीच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहायचे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर बसून समोर नांगरलेली जहाजं मोजायचे. तिथेच ओळख झाली. दुसऱ्या दिवशी दुकानात आले, कंप्रेसरभोवती एक फेरी मारली, कान लावला आणि म्हणाले, "ह्याचा पट्टा सैल आसा गो बाय."

सोलापुरात परक्या माणसाने बाय म्हटलं तर आधी कारण विचारतात. मीही विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे पोरीक बाय म्हणतत. लाडान." मला लाडाची सवय नव्हती, त्यामुळे मी त्यांना कामावर ठेवलं. माझ्याशी बोलताना त्यांची मालवणी पुढे निम्मीअधिक गळून गेली, पण बाय राहिलं.

सिलिंडर घाईने भरलं की तापतं. तापलेल्या सिलिंडरवरचा काटा पूर्ण दाखवतो. तासाभराने गार झालं की तोच काटा मागे सरकतो आणि माणूस समुद्रात अर्ध्या वाटेवर हवेला महाग होतो. म्हणून पेडणेकर सिलिंडर पाण्याच्या टाकीत उभं करून हळूहळू भरायचे आणि वर तळहात ठेवून बसायचे, ताप बघणाऱ्या डॉक्टरसारखे. मी घाई केली की म्हणायचे, "गरम हवा खोटं बोलते, बाय. गार होऊ दे. मग काटा बघ." भरून झालं की खडूने मराठी आकड्यांत तारीख घालायचे. चिनी गिऱ्हाइकांना ते आकडे म्हणजे काहीतरी मंत्र वाटायचे आणि मी ते कधी नाकारलं नाही.

स्वतः मात्र पाण्यात उतरायचे नाहीत. "कान गेलाय," म्हणायचे. कान दाबाने जातो, तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही.

आणि ते सांगायचे त्या बेटाविषयी. कंप्रेसर बंद झाला की खोलीत जी शांतता पडते, ती त्यांची बोलायची वेळ. जहाजाच्या पंख्यात दोरखंड अडकला होता, सुकाणूही बिघडलं होतं, म्हणून जहाज त्या बेटाच्या आडोशाला पंधरा दिवस नांगरून होतं. बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला डोंगर, माथा कायम ढगात. "वर जेवढा डोंगर, त्याहून जास्त खाली," ते म्हणायचे. "आम्ही उतरलो. काळी भिंत. लाव्हा वाहत येऊन पाण्यात गोठला, तो तसाच उभा. तळ दिसत नाही, निळं होत होत काळं होतं. भिंतीला लालभडक स्पंज, जास्वंदीच्या कुंपणासारखे. माणसाएवढे रुपेरी मासे येतात, बघतात, जातात. आणि भिंतीच्या पायथ्याशी, अठरा मीटरवर, दोन खडकांच्या मध्ये पिवळी वाळू. हात घातलास तर ऊन. तव्यावरून आत्ता उतरवलेल्या भाकरीवर हात ठेवावा तशी. खाली डोंगर अजून जागा आहे ना."

मी ही वाळू इतक्या वेळा ऐकली की ती माझ्या स्वप्नात येऊ लागली. एमआरटीत उभ्या उभ्या डोळे मिटले की बोटांना ऊब लागायची. सिंगापुरात कायमच उकडतं, तरी ही ऊब वेगळी होती. कोणीतरी आत चूल सांभाळत बसलं आहे अशी.

चार वर्षं ऐकल्यावर मी तिथे सहल न्यायची ठरवली. सिंगापूरहून तिथे जायला तीन विमानं आणि एक बोट लागते. माझ्यासारख्या छोट्या दुकानाने असलं काही करू नये, असं मकरंद म्हणाला, म्हणून नक्की केलं. आठ गिऱ्हाइकं तयार झाली. मी त्यांना भिंत विकली नाही, मासे विकले नाहीत. मी ती ऊन वाळू विकली. टॅन अंकल, माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चिवट गिऱ्हाईक, निवृत्त कस्टम अधिकारी, त्यांनी विचारलं, "बॉस, तू स्वतः हात घातलाय?"

मी म्हटलं, "माझ्या माणसाने घातलाय."

"शुअर आ?"

"माझा माणूस खोटं बोलत नाही."

टॅन अंकलनी जन्मभर लोकांच्या बॅगा उघडल्या होत्या. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि नाव लिहून दिलं.

पेडणेकरांना मी म्हटलं, तुम्ही चला, जागा दाखवा. ते कंप्रेसरवरचं तेल पुसत राहिले. म्हणाले, "दुकान कोण बघणार? तुम्ही पुढे व्हा." मी फार आग्रह केला नाही. माझी चूक तिथून धरली तरी चालेल.

डिसेंबरच्या सुट्टीत निघालो. इराही बरोबर होती, बारा वर्षांची. दोन दिवसांनी बोटीतून ते बेट दिसलं आणि मी सगळ्यांना सांगितलं, बघा, माथ्यावर ढग. पेडणेकरांनी सांगितला तसाच तो ढग होता. मला वाटलं होतं परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटेल, पण माहेरच्या गल्लीत शिरताना पुढचं वळण जसं आधी आठवतं, तसं झालं.

पहिल्या दिवशी भिंतीवर उतरलो. मी पुष्कळ समुद्र बघितले, मलेशियातलं टिओमान बघितलं, इंडोनेशियातले ज्वालामुखी बघितले, पण ती भिंत वेगळी. पाणी इतकं स्वच्छ की मध्ये पाणी आहे हे विसरायला होतं. आपण हवेत लटकलो आहोत, समोर काळा कडा, आणि कड्यावर बाग. जांभळे पंखे झुलताहेत, वाऱ्याने नव्हे. खाली बघितलं तर निळं, त्याखाली गडद निळं, मग ज्याला नाव नाही असा एक रंग, आणि तो रंग आपल्याला बोलावतोय असं वाटतं. शिक्षक म्हणून मला माहीत आहे की त्या बोलावण्याला उत्तर द्यायचं नसतं. तरी मी काही क्षण ऐकत राहिले. तेवढ्यात रुपेरी मासे आले. एक, मग तीन, मग सगळा घोळका, आरशांची मिरवणूक. त्यातल्या एकाने मान न वळवता माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्या खिजगणतीत नाही हे मला फार बरं वाटलं.

ऊन वाळू मिळाली नाही. पायथ्याशी पांढरी वाळू होती, थंड. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ माणसं प्रत्येक खडकाच्या फटीत हात घालत होती, जणू सगळ्यांची अंगठी हरवली आहे. बोटीवर कोणी काही बोललं नाही, आणि गिऱ्हाईक बोलत नाही तेव्हा काय समजायचं ते मला दुकानातच कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी स्पंजांकडे बघितलं.

आता एक धंद्यातली गोष्ट सांगते. पाणी रंग खातं, आणि सगळ्यात आधी लाल खातं. नव्या विद्यार्थ्यांना हे शिकवायची माझी पद्धत आहे. मी हवेच्या काट्याच्या काचेवर एक लाल टिकली चिकटवते. पाच मीटरवर ती तपकिरी होते, पंधरावर काळी. खाली बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. विजेरी लावली तरच लाल परत येतो. सगळ्यांना दाखवते. पेडणेकरांनाच कधी दाखवलं नव्हतं, कारण त्यांना माहीत असणार असं मी धरून चालले होते.

माझ्यासमोर भिंतीवर बोटांसारखे स्पंज होते, काळपट, शेवाळी. माझ्या काट्यावरची टिकली काळी होती. मी विजेरी लावली आणि ते एकदम पेटले. लालभडक. जास्वंदीच्या कुंपणासारखे.

तेवढ्या खोलवर कोणाच्या हातात विजेरी असल्याचं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. हा लाल त्यांनी खाली बघितलेला नव्हता. हा उन्हातला लाल. कोणीतरी तुकडा तोडून वर आणला होता आणि पेडणेकरांनी तो जहाजाच्या डेकवर बघितला होता. लोकांच्या हातांवरून त्यांचं खोटं ओळखणारी मी, चार वर्षं त्या माणसाचा लाल रंग ऐकत होते आणि मला एकदाही शंका आली नव्हती.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, अंगात विरघळलेली हवा हळू सुटावी म्हणून. दोरीला धरून माणसं झेंड्यासारखी लटकतात. खालून बुडबुडे येतात, वरून ऊन येतं. एरवी माझी ती सगळ्यात आवडती वेळ. त्या दिवशी ती तीन मिनिटं मी फक्त तापले.

धक्क्यावर आल्याआल्या फोन लावला. भिजलेल्या कानाला धरता येईना म्हणून स्पीकरवर टाकला. सिंगापुरात पहाट होती, ते उठलेले असत. गिऱ्हाइकं आजूबाजूला होती, इरा शेजारी टॉवेल घेऊन उभी होती. इरा सोडली तर मराठी तिथे कोणाला कळत नव्हतं, पण सूर कळायला भाषा लागत नाही.

"पेडणेकर, एक सांगा. तुम्ही पाण्यात कधी उतरलात का?"

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी विचारतेय. ही भिंत तुम्ही बघितलीत का?"

"आम्ही उतरलो होतो, बाय."

"आम्ही नाही. तुम्ही."

मग ते म्हणाले, "दोरी माझ्या हातात होती. खाली दुसरा होता. तो वर येऊन सांगायचा."

जुन्या पद्धतीत असं असे. खाली जाणाऱ्याला वरून नळीने हवा मिळायची आणि कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. खालचा एकदा ओढतो, म्हणजे ठीक. दोनदा, म्हणजे दोरी सैल सोड. सारखा ओढू लागला, म्हणजे वर घे. वरच्याने नजर हलवायची नाही, बोलायचं नाही, दोरीतून ऐकायचं. हे मला माहीत होतं. त्या क्षणी ते सुचलं नाही.

"म्हणजे मी आठ माणसं अर्ध्या जगापलीकडे एका दोरीच्या भरवशावर आणली? कान गेलाय म्हणे. कान कशाने गेला तुमचा, कंप्रेसरने? चार वर्षं तुम्ही मला गोष्टी सांगितल्यात, आणि मी सगळ्यांना सांगितलं माझा माणूस खोटं बोलत नाही."

मी आणखीही बोलले. ते इथे लिहीत नाही. संपादकांना चालणार नाही म्हणून नव्हे, मलाच चालत नाही.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "बरं. येतो, बाय."

आणि फोन बंद झाला.

आता बघा. आपण मराठी माणसं निघताना जातो म्हणत नाही. येतो म्हणतो. पण ते उंबऱ्यात. फोनवर आपण ठेवतो म्हणतो. फोनवर येतो कोण म्हणतं? ज्याला यायचं आहे तो. मी ते तसंच घेतलं. मला वाटलं, म्हातारा खजील झाला, आता विमानात बसेल, इथे येऊन उभा राहील आणि ती वाळू शोधून देईल. राग अर्धा उतरला. त्यांचा पासपोर्ट चालू आहे का, वाटेत विमान बदलायला अमेरिकेचा व्हिसा लागतो की नाही, असल्या गोष्टी मी मनातल्या मनात सोडवू लागले. बोटवाल्याशी घासाघीस करून एक जागा राखून ठेवली. टॅन अंकलना सांगितलं, "माय मॅन इज कमिंग."

इरा म्हणाली, "आई, ही इज नॉट कमिंग. ही सेड बाय, लाह."

"अगं, ते मला बाय म्हणतात. बाय म्हणजे मुलगी. लाडाने."

तिने खांदे उडवले. "आय हर्ड बाय."

मी हसले. सिंगापूरच्या शाळेत वाढलेल्या पोरीचं मराठी, म्हटलं. पुढचे दोन दिवस दुपारची बोट आली की मी धक्क्यावर जाऊन उभी राहायची. त्या बेटावर बोटीतून फार माणसं उतरत नाहीत. दोन बायका पिशव्या घेऊन उतरायच्या, एक पाद्री, भाजीचे खोके, एकदा एक बकरी. डोंगराचा माथा ढगात असायचा. मी त्या ढगाखाली उभी राहून वेंगुर्ल्याच्या एका म्हाताऱ्याची वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्याला काय बोलायचं याची तयारी आता उलट दिशेने चालली होती.

सहाव्या दिवशी वाळू सापडली. आमच्या बोटवाल्याचा बाप सहज आला होता, त्याला मी पेडणेकरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो हसला. म्हणाला, तुम्ही आताच्या नांगराच्या जागेवरून मोजताय. जुनी जहाजं तिकडे थांबत, शिडीसारखा कडा आहे ना, त्या बाजूला.

तिथे उतरलो. अठरा मीटर, काटा बघितला, अठराच. दोन खडकांच्या मध्ये पिवळी वाळू, हळदीच्या बोटांनी कोणी सारवल्यासारखी. मी हातमोजा काढला आणि बोटं आत घातली.

भाकरी.

दुसरा शब्द नाही. तव्यावरून उतरवलेली, पदराने झाकलेली भाकरी. खोल, संथ, सबुरीची ऊब. मी मनगटापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले. कंप्रेसरची खोली आठवली, सिलिंडरवर ठेवलेला तो तळहात. भोवती आठ माणसं गुडघ्यांवर बसून वाळूत हात घालून स्तब्ध होती, देवळात बसावं तशी. टॅन अंकलच्या चष्म्यात पाणी शिरलं होतं. आत शिरलं होतं की आतून आलं होतं, ते मी विचारलं नाही. कोणी हलेना. हवा संपत आली तेव्हा मी एकेकाचा खांदा धरून उठवलं.

त्या माणसाने इथे कधी हात घातला नव्हता. तरी त्याने मोजलेला प्रत्येक मीटर बरोबर होता. दोरीवर खुणा असतात, त्याने त्या वरून मोजल्या होत्या. आणि ऊब? वाळू मुठीत धरून वर आणली तर येईपर्यंत गार होते. ती ऊब त्याने कोणाच्या तरी तोंडून ऐकली होती आणि मोडू न देता इतकी वर्षं सांभाळली होती. वर येताना पाच मीटरवरच्या त्या तीन मिनिटांत माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. चार वर्षांत ते एकदाही 'मी' म्हणाले नव्हते. उतरलो, बघितलं, सगळीकडे 'आम्ही'. मला वाटायचं ही कोकणी माणसाची बोलायची रीत.

धक्क्यावर आल्याबरोबर फोन केला. वाजत राहिला.

सिंगापूरला परतल्यावर विमानतळावरून थेट यिशुनला गेले. दुकान झाडलेलं होतं. किल्ली खिळ्याला होती. सगळी सिलिंडरं भरून भिंतीला रांगेत उभी, प्रत्येकावर खडूने मराठी तारीख. माझ्या फोननंतरच्या दिवसाची. म्हणजे माझं सगळं ऐकून घेतल्यावर तो माणूस दिवसभर हळूहळू हवा भरत बसला होता. पासिर रिसच्या चिनी आजीने सांगितलं, पेडणेकर खोली रिकामी करून इंडियाला गेले. जाताना तिला मिठाई दिली आणि काय म्हणाले ते तिला कळलं नाही, पण शेवटी बाय म्हणाले.

याला तीन वर्षं झाली. वेंगुर्ल्याला त्यांच्या बहिणीच्या घरी फोन लावते. भाचा उचलतो. "मामा समुद्रावर गेलेत," म्हणतो. सकाळी लावला तरी समुद्रावर, दुपारी लावला तरी समुद्रावर. दोन पत्रं घातली, उत्तर नाही. एकदा जाऊन यावं असं मकरंद म्हणतो, आणि या वेळी तो म्हणतोय म्हणून मी टाळत नाहीये. मी दारात उभी राहिले आणि आतून कोणी समुद्रावर गेलेत म्हणालं, तर मी काय करू?

त्या रांगेतली सगळी सिलिंडरं वापरली गेली. एक ठेवलं आहे. इतकी जुनी हवा ठेवायची नसते, सोडून द्यायची असते, आणि दुसऱ्या कोणाच्या दुकानात असं सिलिंडर दिसलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. खडूची तारीख पुसट झाली, तरी मी तिथे कोणाला हात लावू देत नाही. कधी कधी दुपारी कंप्रेसर बंद झाला की त्या शांततेत मी त्यावर तळहात ठेवून बसते. गार असतं. काटा जिथे होता तिथेच आहे, एक रेघही मागे आलेला नाही.

पेडणेकर, हा अंक तुमच्यापर्यंत पोचणार. तुम्ही दिवाळी अंक जाहिरातींसकट वाचता, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून, हे मी चार वर्षं बघितलं आहे. म्हणून हे इथे लिहिलं. सगळ्यांच्या देखत ओरडले होते, आता सगळ्यांच्या देखत विचारते. तो खालचा दुसरा कोण होता, त्याचं नाव मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आता सांगा. मी तिथे हात घातला, वाळू ऊन आहे, हे ऐकायला तुम्ही जागेवर का थांबला नाहीत, तेही सांगा. माझी हकिकत ऐकायचा हक्क तुमचा होता आणि सांगायचा माझा. दोन्ही घेऊन तुम्ही निघून गेलात, यालाच मी फसवणूक म्हणते.

आणि मला समुद्रावर गेलेत हे उत्तर नको आहे. तुम्ही फोनवर 'येतो, बाय' म्हणालात. इरा म्हणते ते इंग्रजी होतं. मी म्हणते मालवणी होतं. आमच्या घरात तीन वर्षं यावर वाद चालू आहे. शब्द तुमचा आहे. कुठलं बाय होतं ते, तुम्हीच सांगा.